नाव बदललेला क्लब

गेल्या हिवाळ्यात आमच्या वरच्या खोलीत ब्राझीलचा एक इंजिनिअर राहायला होता. नवरा ज्या फाउंड्रीत आहे, तिथं नवं मशीन बसवायला तो आलेला. संध्याकाळी तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायचा आणि मी ते सासऱ्यांना मराठीत सांगायची. सासरे पेठेच्या संघाचे जुने गोलकीपर. त्यांना फुटबॉल सोडून दुसरं काही विचारायचंच नसायचं.

पाहुण्याचा तिकडचा फुटबॉल क्लब म्हणे इटलीहून पोट भरायला आलेल्या लोकांनी काढलेला. नावातच इटली होती. पुढं दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रू झाली आणि सरकारनं नाव बदलायला लावलं. त्याचे आजोबा मात्र मरेपर्यंत जुनंच नाव घेत राहिले.

सासरे म्हणाले, "पावणं, मग क्लब त्योच ऱ्हायला का दुसरा झाला?"

पाहुणा म्हणाला, त्याच्या घरात यावरून अजून वाद होतात. मग त्यानं मला विचारलं, तुमचा संघ कुठला? माझं माहेर पलीकडच्या पेठेतलं. दोन्ही संघांचं इतकं वाकडं, की मॅचच्या आठवड्यात माझा भाऊ आमच्या दारात येत नाही. सासरे समोरच होते. मी म्हटलं, इथलाच.

त्या रविवारी नेमकी याच दोन पेठांची मॅच होती. लग्न झाल्यापासून मी अशी मॅच टाळत आले होते, पण पाहुण्याशी बोलायला कुणीतरी हवं म्हणून सासऱ्यांनी मलाही नेलं. माहेरच्यांनी पहिला गोल केला आणि मी टाळ्या वाजवत उभी. आजूबाजूची आमच्याच पेठेची माणसं वळून बघायला लागली, तशी मी खाली बसले.

मैदानावरची नजर न काढता सासरे म्हणाले, "वाजीव की. गोल चांगला हुता."

शेवटी शेवटी आमच्या पेठेनं बरोबरी केली. तेव्हाही मी ओरडले, त्याहून मोठ्यानं. कुणाला दाखवायला नव्हे. आतूनच आलं, आणि माझं मलाच कळेना.

घरी पोचते तोवर भावाचा फोन. बरोबरीचा गोल ऑफसाइड होता म्हणून तो तणतणत होता.

मी म्हटलं, "आमचा गोल ऑफसाइड नव्हता."

तो थांबला. "आमचा म्हंजे कुणाचा गं?"