दोराचं टोक

पेरणीआधी शेतात भाजावळ करतात, त्या धुराचा वास आला की मला जयगडची बंद पडलेली बर्फाची वखार आठवते. मी तेव्हा अग्निशमन दलाच्या भरतीची तयारी करत होतो आणि मुंबईत बंबावर नोकरी करून निवृत्त झालेले एक काका आम्हा दोघांना शिकवायचे. त्या दिवशी त्यांनी वखारीत ओला पेंढा पेटवला, दारापासून आतपर्यंत दोर टाकला, तो सरकू नये म्हणून दाराशी त्यावर जांभ्या दगडाचा चिरा ठेवला आणि बजावलं, "आतलं पोतं उचला, दोर धरून परत या. ओढायचा नाही." आम्ही रांगत गेलो, पोतं सापडलं, पण परतताना डोळे उघडेनात, घसा जळायला लागला आणि लहानपणापासून होडीवर जाळं ओढलेले माझे हात आपोआप तेच करू लागले. दोर भराभर येत होता. मला वाटलं, दार जवळ येतंय. मग चिऱ्याखालून सुटलेलं टोकच हातात आलं. मागून संगमेश्वरचा माझा जोडीदार खोकत म्हणाला, "दार खंय हाय रं?" बाहेर काकांनी दोर आत सरकताना पाहिला असावा. ते पत्र्याच्या दारावर दगड आपटू लागले आणि त्या आवाजाच्या रोखाने आम्ही सरपटत बाहेर पडलो. काका ओरडले नाहीत. "पाण्यावर दोर आपल्याकडे आणायचा," एवढंच म्हणाले, "धुरात दोर जागेवर ठेवून आपण जायचं." आता मीही बंबावर आहे. सुट्टीत बाबांबरोबर होडीवर गेलो की हातात आलेला दोर मी क्षणभर नुसताच घट्ट धरून राहतो. "अरे, ओढ की!" बाबा ओरडतात. त्यांना धूर दिसत नाही.