बोटीच्या डाव्या बाजूला

क्रूझला जाऊन आलेल्या माणसाइतका चिवट जाहिरातदार दुसरा नसेल. चारकोपला बाबांच्या सोसायटीत असे चार-पाच ज्येष्ठ आहेत. भेटले की आधी फोन बाहेर काढतात. हा डेक, हा बुफे, हा टॉवेलचा केलेला हत्ती, हे आम्ही कॅप्टनसारख्या टोप्या घालून. बॅग एकदाच उघडायची, दिवसभर खायचं, गुडघ्यांना त्रास नाही. एकदा जाऊन यांचं भागत नाही, आल्या आल्या पुढच्या क्रूझची चौकशी सुरू होते. मला या प्रकाराचा मनापासून कंटाळा होता. तरंगत्या मॉलमध्ये जाऊन बघायचं काय? त्यामुळे बाबांनी फोनवर "मलाही जायचंय" म्हटलं, तेव्हा मुलुंडहून त्यांच्याकडे पोचेपर्यंत मी चिडलेलीच होते.

"कोचीची घे," ते म्हणाले. "ती आपल्या गावावरून जाते."

मग माझा राग गेला आणि त्याहून वाईट काहीतरी वाटायला लागलं.

आमचं गाव वेंगुर्ल्याकडे, समुद्राला लागून. मी कॉलेजात असताना घराच्या वाटणीवरून बाबांचं आणि काकांचं भांडण झालं. बाबा तडक ग्रामदेवतेच्या देवळात गेले, नारळ ठेवला आणि पुन्हा गावाच्या शिवेत पाय ठेवणार नाही असा शब्द देऊन आले. आमच्याकडे माणूस एक वेळ कोर्टात खोटं बोलेल, पण देवाला दिलेला शब्द मोडणार नाही. काका गेले, भांडण मिटलं, शब्द तेवढा राहिला. देवाला गाऱ्हाणं घालून तो सोडवून घेता येतो म्हणे. पण ज्यानं दिला त्यानंच देवळात उभं राहायला हवं, आणि देऊळ गावाच्या मधोमध. या असल्या मूर्खपणावर मी किती डोकं आपटलं असेल! बाबा ऐकून घ्यायचे आणि चहा मागायचे.

गावात आत्या होती, बाबांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, त्यांना वाढवलं आत्यानंच. ती विधवा होऊन माहेरी परत आली ती कायमची. आता तिचे दोन्ही गुडघे गेले होते, अंगणाबाहेर पडणंही होत नव्हतं, मुंबईला येणं तर दूरच. व्हिडिओ कॉलवर तिला बाबांचं नुसतं कपाळ दिसायचं आणि बाबांना तिच्या घराचे वासे. एकमेकांना एकदा नीट बघायचं, एवढंच दोघांचं उरलं होतं. आणि समुद्र काही गावाच्या शिवेत येत नाही.

बाबा पोरवयात गिरणीत लागायला मुंबईला आले ते बोटीनं. ती बोट किनाऱ्याच्या कडेकडेनं जायची, बंदरावरची माणसं ओळखू यायची. तेव्हा आत्यानं बांबूला लाल लुगडं बांधून धरलं होतं आणि ते बाबांना बराच वेळ दिसत राहिलं होतं. या वेळीही तसंच ठरलं. वहिनी, म्हणजे काकांची सून, आत्याला खुर्चीवर बसवून वाळूत नेणार. आत्या लुगडं दाखवणार, बाबा डाव्या बाजूच्या डेकवरून लाल टॉवेल.

बोटीवर चढल्यावर मी रिसेप्शनवर विचारलं. तिथल्या मुलीनं गोड हसून सांगितलं की जहाज खोल समुद्रातून जातं, किनारा दिसत नाही. मी बाबांना तसंच सांगितलं.

"तिका काय कळता?" बाबा म्हणाले. "बोट किनारो सोडून खय जातली?"

सकाळी उजाडायच्या आत ते डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले, इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून. मी शेजारी. समोर पाणी आणि धुरकट ऊन. मागे झुंबा सुरू झाला, कुणीतरी माईकवरून सगळ्यांना हात वर करायला सांगत होतं. बाबांनीही हात वर केला, टॉवेल धरलेला. हात दुखला की दुसऱ्या हातात घ्यायचे. नाश्त्याची वेळ संपत आली तरी क्षितिजावर एक रेघसुद्धा उमटली नाही. मला त्या बोटीची, त्या माईकवाल्याची, त्या देवाचीसुद्धा चीड आली. बाबांनी टॉवेलची नीट घडी केली आणि म्हणाले, "चल, इडली संपेल."

कोचीला फोनला रेंज आली तशी त्यांनी आत्याला लावला. स्पीकरवर.

"दिसली काय गे बाय, बोट?"

"दिसली तर! केवढी मोठी ती! आणि तूय दिसलंस. बारीक झालंस रे."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुजा लुगडा दिसला माका. लालभडक."

"दिसतला मा. नवा काढलंय," आत्या म्हणाली.

वहिनीनं मला नंतर सांगितलं की आत्या दुपारपर्यंत उन्हात बसून होती. काही म्हणता काही दिसलं नाही. उठवायला गेलं तर अंगावर ओरडायची.

पुढच्या पावसाळ्यात आत्या गेली. बाबा तेव्हाही गावी गेले नाहीत. बाराव्याला सोसायटीच्या गच्चीवर कावळ्याला पान ठेवलं. माझी आई गेली तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं होतं. या वेळी ते रडले नाहीत. मला वाटलं, मोडला असता शब्द तर देवानं काय खाल्लं असतं? वहिनीचा फोन आला की अस्थी गावासमोरच समुद्रात सोडल्या, तेव्हा फक्त "कितक्या आत नेल्यानी?" एवढंच त्यांनी विचारलं.

गेल्या आठवड्यात मी गेले तर सोफ्यावर क्रूझचं माहितीपत्रक उघडं पडलेलं. पुन्हा कोचीचंच. माझा तोल गेला.

"बाबा, काही दिसत नाही हो तिथून! किनारा केवढा लांब राहतो, पाहिलंत ना?"

"रवांदे लांब," ते म्हणाले. "बाय आता गावात खय असा? ती दर्यात असा, शिवेच्या भायर."

मी दोन तिकिटं काढली.