वीस माणसांचं लग्न

आमच्या लग्नात वीस माणसं बोलवायची असं ठरलं होतं. ठरवणारे आम्ही दोघं आणि मोडणारेही आमच्यातलेच एक, म्हणजे मास्तर. लग्नाआधी मी त्यांना मास्तर म्हणत होते, लग्नानंतरही तेच म्हणत राहिले आणि आता ते नाहीत तरी तोंडात तेच येतं.

आमच्या गावच्या शाळेवर ते एकटेच होते. चार वर्ग, एक खोली आणि हा माणूस, ज्याला उभ्या जन्मात कोणाला नाही म्हणता आलं नाही. पोरांनी सुटी मागितली की सुटी. कोणी म्हणालं मास्तर अर्ज लिहून द्या, की हातातला घास ठेवून अर्ज. तेव्हा लढाई चालू होती. कापड रेशनवर, साखर परवान्यावर, घासलेटासाठी रांग. नागपूरहून सरकारचा कागद निघायचा, तो तहसिलीतून फिरत फिरत आमच्या गावात यायचा आणि गावात तो वाचणार कोण, तर मास्तर. त्यामुळं सारं गाव त्यांच्या ओळखीचं. पुढं मला हीच ओळख नडली.

मी काही शाळेत गेलेली नाही. शाळेला लागून असलेल्या आमच्या ओसरीत बसून धान्य निवडता निवडता, शाळेतल्या पोरांचं ऐकून ऐकून अक्षरं शिकले आणि अडलं की मास्तरांना विचारायचे. विचारता विचारता काय झालं ते गावाच्या आधी माझ्या मायच्या ध्यानात आलं. मास्तरांचे वडील दुसरबीडकडून गाडी जुंपून आले, जेवले, पोराला पोरगी पसंत आहे तर मला काही मागायचं नाही म्हणाले आणि निघून गेले. इतकं सोपं झालं म्हणून मला वाटलं, पुढचंही असंच होईल.

माझा बाप मी सहा वर्षांची असताना गेला. घरी माय आणि मी. बाप नाही म्हणजे कन्यादानाला काका-काकू बसणार, हे गावानं धरूनच ठेवलं होतं. आणि माय? विधवा बाईनं लग्नाच्या दिवशी समोर यायचं नसे. हळद होईपर्यंत, अक्षता पडेपर्यंत चुलीपाशी बसायचं, दाराच्या आड. ज्या बाईनं दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण करून मला वाढवलं, तिनं माझं लग्न दाराच्या फटीतून पाहायचं. मला तेवढं एक नको होतं. बाकी शालू नको, वाजंत्री नको, बुंदी नको. माझा हात मास्तरांच्या हातात मायनं द्यायचा, बस.

म्हणून वीस माणसं. वीस माणसं आपली असतात. त्यांनी तोंड वाकडं केलं तरी जेवून गप घरी जातात. गाव आलं की गावाची रीत येते, आणि रीत आली की माय चुलीपाशी गेली. हे मी मास्तरांना नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे.

मग आम्ही दोघांनी सगळं ठरवलं, माय समोर बसलेली असतानाच. घरामागचं खळं तेव्हा रिकामं होतं, ते सारवून तिथंच लग्न लावायचं. जेवायला रोडगे, वरण, वांग्याची भाजी आणि वर गुळाचा खडा. गव्हाच्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, त्याला ना साखर लागते ना आचारी. भटजी म्हातारे होते, मास्तरांच्या शब्दाबाहेर नव्हते. धाडच्या बाजारातून मला एक सुती लुगडं आणि मास्तरांना एक धोतर, तेही रेशनच्या कापडातलं. आणि माणसं एकेक निवडलेली. पिंजाऱ्याची चाची पहिली, कारण बाप गेल्यावर तिनं दोन महिने आमच्याकडे ज्वारी पाठवली होती आणि कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आता आवतणाचं सांगते, कारण घोळ तिथं झाला. आमच्याकडे जेवणाचं आवतण दोन तऱ्हेचं असायचं. एक घरामागं एक, म्हणजे घरातलं एकच माणूस यायचं. दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायची नाही. म्हातारी, पाळण्यातलं पोर, आलेला पाहुणा, सालगडी, सगळ्यांनी आमच्याकडे जेवायला यायचं. बाप होता तेव्हा आम्हाला चूलबंद यायचं. बाप गेल्यावर घरामागं एक यायला लागलं. मग मी एकटी हातात लोटा घेऊन जायचे आणि पंगतीत कोणाच्याही शेजारी बसायचे.

आवतण द्यायला कोतवाल फिरायचा. पण कोतवालाच्या तोंडी दिलं की वीसचे किती होतील याचा नेम नाही, म्हणून मास्तरांनीच जावं असं ठरलं. नवरदेवानं आपल्या लग्नाचं आवतण देत फिरावं, हे कोणी पाहिलं नव्हतं. पण नवरी फिरण्यापेक्षा ते बरं. मी पाटीवर सगळी माणसं लिहून दिली. रविवारी सकाळी ते टोपी घालून निघाले आणि दुपार टळल्यावर आले. पाटी पुसलेली होती.

मी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, झालं सगळं. मी म्हटलं, पाटी काऊन पुसली. तर ते दाराजवळच्या निंबाकडे पाहायला लागले.

झालं होतं असं. चाचीकडे नीट झालं. दुसऱ्या घरी एक म्हातारी ओट्यावर बसलेली, तिच्याजवळ आणखी चार बाया. मास्तरांनी लग्नाचं सांगितलं तशी म्हातारीनं विचारलं, मास्तर, घरामागं एक का चूलबंद? चार बायांसमोर त्या म्हातारीला घरामागं एक कसं म्हणावं? यांनी म्हटलं, चूलबंद.

"बरं, एकीले म्हटलं," मी म्हणाले. "बाकीच्या चौघी आपल्या पाटीवर नव्हत्या."

"त्या तिथंच बसल्या होत्या," मास्तर म्हणाले. "एकीला चूलबंद म्हटलं, मग शेजारणीला काय म्हणू?"

शेजारणीच्या शेजारणीलाही काय म्हणणार? अशी ती अख्खी गल्ली झाली. गल्लीच्या तोंडाशी दुसऱ्या गल्लीतले लोक उभेच होते, मास्तर, आम्ही तुमचे नाही का म्हणत. दुपार टळेपर्यंत गाव झालं होतं.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, राग धरून काय होणार, सुधारता येतं का पाहू. लढाईचे दिवस आहेत, धान्याची ओढ आहे, कोणी वाईट मानणार नाही. मास्तरांना म्हटलं, परत जा आणि घरोघरी हात जोडून सांगा की घरामागं एक जण या. ते म्हणाले, बरोबर आहे, आणि गेले. परत आले तेव्हा तोंड आणखीच पडलेलं. पहिल्या फेरीत वेशीजवळची दोन घरं राहून गेली होती, ते लोक रुसून बसले होते. मास्तर त्यांना चूलबंद सांगून आले.

असं हे सुधारणं.

काकांना हे कळलं तसा त्यांनी कारभार हातात घेतला. खळ्यात लग्न ते काय, लोक काय म्हणतील. दारासमोर मांडव पडला. रोडग्यांवरून तर ते मला चार माणसांत बोलले, लग्न हाय का मरीमायचा भंडारा म्हणून. पण साखर कुठून आणता? परवाना काढायला गेले आणि हात हलवत आले, म्हणून रोडगे राहिले. खळं तेवढं रोडगे भाजायला आम्हाला सोडलं. कन्यादानाचं तर कोणी विचारलंही नाही. काकूनं तिची ठेवणीतली चोळी उन्हात टाकली होती, त्यावरून मी काय ते समजले.

आणि या सगळ्यात माझी माय खुशीत. याचा मला जो संताप आला, तो आजही नीट सांगता येत नाही. जिच्यासाठी मी विसांचा हिशेब करत होते, ती गाव येणार म्हटल्यावर कणग्या झाडायला लागली. लोकांच्या घरून पराती मागून आणल्या. गोवऱ्या रचल्या. मी म्हटलं, माय, गाव आलं तं तू मागं राहशीन.

"मंग राहीन," ती म्हणाली. "मले का समोर मिरवाचं हाय? बारा वर्स झाले, आपल्या दारावर कोणी चूलबंद म्हटलं नाही. तू एकटी जाऊन जेवून येत होती. आता सारं गाव माह्या दारी जेवून जाईन."

मला हे ठाऊकच नव्हतं. पण ठाऊक झालं म्हणून माझा हट्ट गेला असंही नाही. मी मनात म्हटलं, तुझं चूलबंद तू कर, माझा हात मात्र तूच देशील.

लग्नाच्या दिवशी सकाळी हळद लागली. माय नव्हती. अकरा वाजता मांडव भरला, गल्ली भरली, लोक घरांच्या धाब्यांवर चढून बसले. बाया मला बोलवायला आल्या. मी आत पाटावर बसून म्हटलं, माय आल्याशिवाय मी बाहेर येत नाही. बायांना वाटलं नवरी लाजून राहिली. दुसऱ्यांदा आल्या, तेव्हा लाजत नाही हे त्यांना कळलं. एक जण खळ्यात पळाली. माय निरोप देते, रोडगे उलटायची वेळ झाली, मी आले तर जळतील. मी म्हटलं, जळू द्या. परत खळ्यात. परत घरात. काका दारात येऊन दातओठ खात हळू आवाजात बोलत होते, कारण बाहेर गाव बसलेलं. भटजी मुहूर्त चालला म्हणत होते. लोकांच्या मुठीत अक्षता. चाची आत डोकावून म्हणाली, "बेटी, मुठीतले चावल पसिजले आता, काय ते करून टाक." लहान पोरं भुकेनं रडायला लागली होती आणि त्यांच्या आया माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होत्या ती मला अजून आठवते. पण उठले असते तर सगळं तिथंच संपलं असतं.

मास्तर मुंडावळ्या बांधून मांडवात उभे. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. आपला पाट उचलला, काखेत मारला आणि घराला वळसा घालून खळ्याकडे चालायला लागले. काका मागून ओरडले, मास्तर, इकडं या. हो काका, आलो, म्हणाले आणि चालतच राहिले. भटजी म्हणाले, अहो, बोहलं इकडं आहे. हो हो, म्हणाले. नाही त्यांना म्हणता येतच नव्हतं, पण पाय थांबले नाहीत. नवरदेवच निघाला म्हटल्यावर गाव उठलं आणि त्यांच्या मागं गेलं. हे मला नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की मांडव रिकामा झाला आणि दोन बाया मला ओढत मागच्या दारानं नेत आहेत.

खळ्यात धूरच धूर. माय हातात लांब काठी घेऊन उभी, तोंड लाल झालेलं, कोपरापर्यंत राख. एवढं गाव पाहून तिनं पदर ओढला.

"मास्तर, इकडं काऊन आले तुम्ही?"

"तुम्ही येत नव्हत्या," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पाट खाली ठेवला.

भटजी डोळे चोळत मंगलाष्टकं म्हणत होते. निम्मी धुरात गेली. अंतरपाट कोणी धरला, कसा धरला, काही कळलं नाही. अक्षता पडल्या त्या अर्ध्या आरात पडल्या आणि त्यांचा करपल्याचा वास सुटला. कन्यादानाला काका-काकू बसले. वारा नेमका काकूच्या तोंडावर. ती खोकत होती, ठेवणीतल्या चोळीच्या बाहीनं डोळे पुसत होती, आणि मी हात आवळूनच धरलेला, पुढं करतच नव्हते. शेवटी तिनं वैतागून मायकडे पाहिलं.

"ये वो बाई, धर एकदाचा हिचा हात. माह्ये डोळे चालले."

काकूच्या मनात काही मोठेपणा नव्हता, हे मी पक्कं सांगते. तिला फक्त धुरातून सुटायचं होतं. काका काही बोलायला गेले, पण त्यांनाही ठसका लागला. माय तशीच उभी. मग तिनं लुगड्याला हात पुसला, खाली बसली आणि माझ्या हातावर आपला हात धरला. हात भाजून निघालेला, खरखरीत. भटजींनी पाणी सोडलं. मायच्या हातावरून माझ्या हातावर आणि तिथून मास्तरांच्या हातावर. एक पळीभर पाणी पडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. लगेच ती उठली आणि काठी घेऊन रोडग्यांकडे गेली.

कडेचे बरेचसे जळलेच. गाव तेही जेवलं.

तुम्हाला वाटेल, माय निवली असेल. कुठली निवते! पाठवणीच्या वेळी मला म्हणाली, चार लोकांत शोभा केली माह्यी. सहा महिने नीट बोलली नाही. मास्तरांशी बोलायची, त्यांना हातानं वाढायची. माझ्याशी मात्र हो, नाही, एवढंच. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा ती ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, माय, एवढा राग होता तं हात काऊन देला मंग?

"तू हटून बसली होती," ती शेंगांकडे पाहतच म्हणाली. "गावात एका घरी चूल नव्हती पेटली. कोणाच्या टोपल्यात भाकर नव्हती. लेकरं रडत होते. किती वेळ उपाशी ठेवू लोकायले? म्हणून देला. तुह्यासाठी नाही देला."

थोड्या वेळानं, मी काही विचारलेलं नसताना, ती पुन्हा म्हणाली, तुह्यासाठी नाही देला.