राहुल म्हणाला, तू येऊ नको

दोनेक महिने झाले असतील. मंगळवारची दुपार, भिलाईच्या स्मृति नगरमधलं आमचं घर... समोरच्या खोलीत माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास भरतो. सगळ्या बायकाच. त्या दिवशी विषय होता 'सेड' आणि 'टोल्ड'. म्हणजे एकजण काय म्हणाला, ते दुसऱ्याला इंग्लिशमध्ये कसं सांगायचं.

मी प्रत्येकीला म्हटलं, घरात नुकतंच कोणी काहीतरी बोललं असेल, ते एका वाक्यात सांगा. पुष्पाकाकूंची पाळी आली, आणि त्यांनी वहीच मिटून ठेवली.

पुष्पाकाकू मूळच्या भंडाऱ्याकडच्या, काका इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. मुलगा राहुल बेंगळुरूला असतो. त्याची बायको इबान शिलाँगची... तिला हिंदी जेमतेम येते, मराठी तर नाहीच. या सुनेशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून काकू साठीला टेकल्यावर इंग्लिश शिकायला आल्या. वर्षभरात एक क्लास चुकवला नाही.

इबानला तेव्हा आठवा महिना लागलेला. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली. त्यामुळे बाळंतपणाला काकूंनी जायचं, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"का झालं काकू?" मी त्यांच्याच सुरात विचारलं.

"इबान बोलूनच नाही राहिली, मॅडम. फोन केला तर उचलत नाही. मेसेजवर नुसतं ओके, ओके... मी असं का बोलली तिले, मलेच समजत नाही."

हळूहळू सगळं बाहेर आलं. राहुलनं आईला फोनवर सांगितलं होतं, "आई, तू येऊ नको. तुझे गुडघे असे, आमच्या इथं तिसरा मजला, लिफ्ट नाही. आम्ही बाई ठेवतो." काकूंना वाईट वाटलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. मग इबानचा फोन आला. ती भराभर काहीतरी विचारत होती, त्यातलं 'कम' तेवढं काकूंना कळलं. त्यांना वाटलं, तुम्ही कधी येताय असंच विचारत असणार.

"मग तुम्ही काय म्हणालात? जसंच्या तसं सांगा."

काकू म्हणाल्या, "राहुल सेड, यू डोन्ट कम."

मी हातातला खडू खाली ठेवला.

मराठीत आपण समोरच्याचं बोलणं होतं तसंच उचलून ठेवतो. 'राहुल म्हणाला, तू येऊ नको'... यातली 'तू' म्हणजे काकू, हे कोणालाही कळतं. पण इंग्लिशमध्ये 'सेड'च्या मागून तेच वाक्य जोडलं की 'यू' म्हणजे फोनवर जी ऐकतेय ती. इबानच्या कानांनी ऐकलं होतं... राहुल म्हणाला, इबाननं भिलाईला यायचं नाही.

मी हे समजावलं तेव्हा काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे तीच इकडं येऊ का म्हणून विचारत होती? अन् मी तिले नको म्हटलं? माय नसलेल्या पोरीले?"

मी म्हटलं, मी फोन करून सांगते, दोन मिनिटांचं काम आहे. काकूंनी मान हलवली. "नाही मॅडम. बोलली मी, तर सांगीन बी मीच. फक्त वाक्य पक्कं करून द्या."

आम्ही वाक्य पक्कं केलं. काकूंनी ते पाच-सहा वेळा म्हटलं, पाणी प्यायल्या आणि मोबाईल स्पीकरवर टाकला. पहिला कॉल उचललाच नाही. दुसरा उचलला... पलीकडून नुसतं "हॅलो."

"इबान, राहुल सेड दॅट आय शुड नॉट कम. आय! नॉट यू. यू कम, आय कम... आय वॉन्ट."

शेवटचं काही आम्ही शिकवलेलं नव्हतं.

मग इबान रडवेल्या आवाजात म्हणाली, "बट मम्मी... राहुल टोल्ड मी दॅट यू डिडन्ट वॉन्ट टू कम."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण गरज पडली नाही. काकूंना शब्दन् शब्द कळला होता. "आय नेव्हर सेड!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की आतून माझे सासरे बाहेर डोकावले.

पुढचा फोन राहुलला, आणि तो मात्र शुद्ध भंडाऱ्याच्या मराठीत. "माह्या नावानं तू कावून सांगतलं रे? मी कवा म्हटलं मले यायचं नाही?" बिचारा चाचरत होता... तू हट्टानं जिने चढशील, तीही हट्टानं तुला बोलावेल, म्हणून दोघींना परस्पर थांबवलं म्हणे. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जिने मी पाहून घेईन. तू तिकीट काढ."

आठवड्याभरात काका-काकू रायपूरहून विमानानं गेले. तिसरा मजला काकू बसत-उठत चढल्या, पण चढल्या.

काल त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मुलगी झाली! दोघी छान आहेत. लेबर रूमच्या दारात नर्सनं काकूंना अडवून इबानला विचारलं होतं, या कोण? काकूंनी मला पुढचं मुद्दाम इंग्लिशमध्ये सांगितलं, सावकाश, एकही शब्द न अडखळता...

"मॅडम, इबान टोल्ड द नर्स दॅट आय अॅम हर मदर."

यातली 'हर' नक्की कोण, नर्स की इबान, अशी शंका व्याकरणाच्या मास्तरणीला काढता आली असती. मी नाही काढली... मेसेज पुन्हा लावला आणि डोळे पुसत ऐकला.