पौंडकाकूंचा बारीक होण्याचा वर्ग

पौंडकाकू माणसाकडे बघून आधी त्याचं वजन सांगायच्या आणि मग नमस्कार करायच्या. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून म्हणायच्या, “एकशे नव्वद. गुडघे दुखतात ना?” तो बिचारा तूप वाढायचं विसरून ‘हो’ म्हणायचा. त्यांचं खरं नाव पोस्टमनखेरीज कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

गिरगावात एका चाळीच्या तळमजल्यावर त्यांचा बारीक होण्याचा वर्ग होता. दुपारी दोन ते चार, फक्त बायकांसाठी. त्या काळी असा धंदा म्हणजे नवलच. “अंगावर मूठभर मांस चढावं म्हणून लोक नवस बोलतात, आणि ही बया ते उतरवायचे पैसे घेते!” असं आमची आई म्हणायची. पण माझं लग्न जमेना तेव्हा मला तिथं घातलं ते तिनंच. चोवीस वर्षांची घोडी मी, वजन एकशे अठ्ठावन्न पौंड.

वर्गात सतरंज्या होत्या, एक उभा वजनकाटा होता आणि एका पारशीणबाईंकडून जुनं घेतलेलं, कमरेला पट्टा लावून गदागदा हलवणारं यंत्र होतं. त्या यंत्रानं काडीचं काही होत नाही, हे काकू स्वतःच सांगायच्या. “ते गिऱ्हाईक आणायला ठेवलंय गं. वजन उतरतं ते तोंड मिटल्यानं.”

म्हणून प्रत्येकीला वही. दिवसभरात जे पोटात गेलं ते लिहायचं, आणि शनिवारी काकू लाल पेन्सिल घेऊन तपासणार. “‘एक पोळी’ लिहिलंयस. केवढी? परातीएवढी?” असं विचारलं की भल्याभल्या बायका पदराशी चाळा करायला लागायच्या. खोटं सगळ्याच लिहायच्या, पण काट्यावर उभ्या राहिल्या की उघड्या पडायच्या. काकूंचं ठरलेलं वाक्य होतं, “वही खोटं बोलते, काटा बोलत नाही.”

माझी वही तर नुसती थापांची. ‘ताक, एक भाकरी, पडवळाची भाजी’ असं लिहायचं आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात दोन बटाटेवडे हाणून वर पियुष प्यायचं. आणि आश्चर्य म्हणजे काटा उतरतच होता! अडीच महिन्यांत वीस पौंड. दर शनिवारी काकू टाळ्या वाजवायच्या, मग सगळा वर्ग वाजवायचा. देवानं आपल्याला फुकट वर दिलाय, असं मला वाटायचं. संध्याकाळी अंगात कणकण असायची, खोकला जात नव्हता. पण व्यायामानं दमायला होतं, असं म्हणून मी गप्प. मूर्ख होते, दुसरं काय!

काकू मात्र हरखल्या होत्या. त्यांना दादरला दुसरा वर्ग काढायचा होता. जागा बघून झाली होती, पाटी रंगवायला टाकली होती. “दादरच्या बायका शिकलेल्या, त्यांना पुरावा लागतो,” म्हणायच्या. तो पुरावा म्हणजे मी. आधीची सुमन आणि नंतरची सुमन, असे माझे दोन फोटो तिथल्या दारात लागणार होते.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. अशाच एका हरताळाच्या शनिवारी वर्गाला मी धरून तिघीच आलो. बाहेर घोषणा चालल्या होत्या, मधूनच धावपळ आणि पोलिसांच्या शिट्ट्या. काकूंनी दाराला कडी घातली आणि मला काट्यावर उभं केलं. एका आठवड्यात पाच पौंड उतरले होते. बाकीच्या दोघींनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी वाजवल्या नाहीत.

“सुमन, ही वही खरी आहे का?”

“हो काकू.”

“माझ्याकडे बघून सांग.”

मी काट्याकडे बघत होते. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. काकूंनी पाठीवर हात ठेवला. हात तापल्या तव्याला लागावा तसा त्यांनी तो काढून घेतला. मग त्या दोघींना आतल्या खोलीत पाठवलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “आठवड्याला दोन पौंड उतरले तर चरबी उतरते. पाच उतरले तर माणूस उतरतंय. खरं सांग, काय खातेस?”

मी रडत रडत सगळं सांगितलं. वडे, पियुष, आईच्या हातचा तूपभात, सगळं. काकूंनी वही बाजूला टाकली. “एवढं खाऊन उतरतंय? अगं, आणि मी टाळ्या वाजवत बसले!”

“चल,” म्हणाल्या. कुठे, ते सांगितलंच नाही. आम्ही मागच्या बोळातून निघालो. अश्रुधुरानं डोळे चुरचुरत होते. दुकानांच्या फळ्या बंद, गल्लीच्या तोंडाशी पोलीस. एकानं अडवलं तर काकू त्याच्यावरच खेकसल्या, “दवाखान्यात चाललोय, दंगा करायला नाही!” माझं मनगट त्यांनी दवाखान्याच्या पायरीपर्यंत सोडलं नाही. छातीचा फोटो काढला, आणि दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या फुप्फुसावर डाग आहे. क्षय.

इंजेक्शनं निघाली होती, त्यामुळे जगण्याची आशा होती. पण डॉक्टरांनी बजावलं की वर्गातल्या सगळ्या बायकांना तपासून घ्यायला सांगा. आईनं काकूंचे पाय धरले. “हिचं नाव बाहेर आलं तर हिच्या पाठच्या दोघींना कोण करून घेईल?” काकू म्हणाल्या, “सांगावं तर लागेल. बायकांच्या जिवाशी खेळ नको.”

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू झाला तेव्हा आई जिवाच्या धास्तीनं दारात जाऊन उभी राहिली. तिनंच मला नंतर सांगितलं. काकूंनी सगळ्यांना बसवलं आणि म्हणाल्या, “आपल्यात एकीला क्षय निघालाय. प्रत्येकीनं छातीचा फोटो काढून घ्या.” एकच गलका झाला. कुणाला? नाव सांगा! मग हरताळाच्या दिवशीच्या दोघींतली एक उठून म्हणाली, “शनिवारी तुम्ही सुमनला घेऊन दवाखान्यात गेलात, पोलिसाला ओरडून सांगताना ऐकलं मी. म्हणूनच ती आज दिसत नाही ना?”



“मी तिला नेलं नव्हतं,” काकू म्हणाल्या. “तिनं मला नेलं. क्षय मला झालाय. ती पोर आता घाबरून यायची नाही.”

आठ दिवसांत वर्ग ओस पडला. दादरच्या जागामालकानं जागा नाकारली. यंत्र विकून काकू घरी ब्लाउज शिवायला बसल्या, तर ते शिवून घ्यायलाही कुणी येईना. हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं बंद झालं. तपासणीत वर्गातल्या आणखी एकीचा डाग वेळेवर सापडला, ती वाचली. तिनंही काकूंचा उंबरा कधी ओलांडला नाही.

मला आईनं ‘मामाकडे गेलीय’ असं लोकांना सांगून दवाखान्यात ठेवलं होतं. दीड वर्षानं बरी होऊन मी काकूंकडे गेले. म्हटलं, “काकू, मी सगळ्यांना खरं सांगते.”

“गप बस. आधी बहिणींची लग्नं होऊ देत.” मग म्हणाल्या, “मी अडीच महिने टाळ्या वाजवल्या गं. मला कळायला हवं होतं. दादरच्या पाटीनं डोळे झाकले माझे.”

बहिणींची लग्नं झाली. मग माझं झालं. मग मुलं झाली, मग मुलांच्या लग्नांच्या गोष्टी निघाल्या. दर वेळी मी म्हणायचे, एवढं होऊ दे, मग सांगू. काकू गेल्या तेव्हा त्यांच्या दारात जेमतेम सात-आठ माणसं होती. शेजारची एक बाई माझ्या कानाशी लागली, “यांना क्षय होता ना गं?”

मी ‘हो’ म्हटलं.

आता विचारणारं कुणी उरलेलं नाही. माझी मलाच लाज वाटते, म्हणून न विचारता सांगते. पौंडकाकूंना काहीही झालेलं नव्हतं. क्षय मला झाला होता.