मीटरच्या पलीकडचं पाणी

मी अकोल्यात जठारपेठेत राहते आणि शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या प्रयोगशाळेत नोकरी करते. आमचं शुद्ध केलेलं पाणी काही वर्षांपासून आसपासच्या गावांना घाऊक विकलं जातं. ही गावं खारपाणपट्ट्यातली. तिथल्या विहिरींचं पाणी जिभेवर ठेवलं की मिठाची चव येते. शहराची जलवाहिनी गावाच्या वेशीपर्यंत जाते, तिथे एका हौदात मोठा मीटर बसवलेला असतो. मीटरच्या अलीकडचं पाणी आमचं, पलीकडचं गावाचं. दर मंगळवारी अशा मीटरांवरून नमुने आणायचे, हे माझं काम.

एका गावातून तक्रारीचं पत्र आलं. पाणी खारट येतं, लेकरांची पोटं बिघडली, शहर आम्हाला काय पाजतंय? साहेब म्हणाले, "मीटरपर्यंतचं तपासा आणि परत या. पुढचं आपल्याकडे नाही."

मीटरवरच्या नमुन्यात औषधाचे थेंब टाकले, तसं पाणी छान पिवळं झालं. पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, पाणी सुरक्षित आहे. माझं काम तिथेच संपलं होतं. पण पोटं बिघडलेली लेकरं गावात होती, मीटरवर नव्हती. ड्रायव्हरला गाडी गावात घ्यायला सांगितलं.

पहिल्याच घरच्या नळाचं पाणी थेंब टाकूनही नितळच राहिलं. चाखून पाहिलं तर खारट.

गावाचा जलसुरक्षक, म्हणजे पाणी सोडणारा आणि टाकीवर लक्ष ठेवणारा माणूस, टाकीखालीच भेटला. पन्नाशीचा, अंगात इस्त्रीचा शर्ट. टाकीशेजारी गावाची जुनी विहीर होती आणि तिच्यावर पंपाची खोली. मी आत जाऊन मोटारीवर हात ठेवला. ती गरम होती.

"ही कशाला चालवता?" मी विचारलं.

तो खोटं बोलला नाही. "मॅडम, पह्यल्या महिन्यात बाया घागरी घेऊन माह्या दारात आल्या. पान्याले दवाखान्याचा वास येते म्हन्ल्या. चहाले तं चवच लागत नाही. मले वाटलं, आपलं थोडं मिसळलं तं चव येईन."

"अहो, त्या विहिरीच्या पाण्यात आमचं सगळं क्लोरीन खर्च होऊन जातं. मग नळाला काय येतं ते लेकरांच्या पोटांना विचारा."

माझा आवाज चढला होता. "माही नात पन आजारी हाये," तो म्हणाला.

त्याच्या बायकोनं जेवायला थांबवून घेतलं. वरण एकदम अळणी होतं. तिच्या लक्षात आलं. मीठ पुढे करत म्हणाली, "नात आजारी म्हनून आज दोन हंडे मीटरपासून आनले, बाई. हात अजून जुन्याच अंदाजानं मीठ टाकते. पन दाळ कशी शिजली पाहा! पह्यले दोन-दोन घंटे शिजत नव्हती." माझं माहेर तिवसा तालुक्यातलं, गोड्या पाण्याचं. पाण्यातलं मीठ धरून स्वयंपाक करतात, हे मला त्या ताटावर कळलं. रागही तिथेच उतरला. या लोकांना आम्ही पाणी दिलं होतं, पण त्याच्याविषयी कुणी दोन शब्द सांगितले नव्हते.

निघताना त्यानं विचारलं, "माहं नाव लिहान का?"

"नाव नाही लिहिणार. विहिरीची जोडणी चालू होती, हे मात्र लिहीन. बाकीचं तुम्हीच ग्रामसभेत सांगा."

अहवाल तसाच दिला. मीटर सोडून गावात गेल्याबद्दल साहेबांनी बोलून घेतलं, पण ग्रामसभेला जायची परवानगीही त्यांनीच दिली.

सभेत जलसुरक्षक उठला आणि म्हणाला, "मिसळलं मीनंच. कोनी सांगतलं नव्हतं." बराच वेळ लोक त्याच्यावर तुटून पडले. ज्यांनी घागरी घेऊन त्याचं दार गाठलं होतं, त्या बायाही त्यात होत्या. मग मी मीटरवरच्या आणि गावातल्या नळाच्या पाण्याच्या दोन बाटल्या टेबलावर ठेवून दोन्हींत थेंब टाकले. एक पिवळी झाली, एक नितळ राहिली. पुढे बसलेल्या म्हातारीनं नितळ बाटलीकडे बोट दाखवलं.

"चांगलं पानी तं हेच दिसते. पिवळं कावून प्यावं?"

सगळे हसले. मलाही हसू आलं, कारण तिचं चूक नव्हतंच. तो रंग कशाचा, ते तीनदा समजावलं. रात्रभर भांड्यात झाकून ठेवलं की सकाळी वास कमी होतो, हेही सांगितलं.

"आन् चहाचं काय?" कोणीतरी मागून विचारलं.

विहिरीची जोडणी त्याच आठवड्यात कापली. पुढच्या खेपेला मी पाच घरचे नळ तपासले, पाचही पिवळे. जलसुरक्षकाचं काम त्याच्याकडेच राहिलं. आता मी गावात जाते तेव्हा तो नमुन्याच्या बाटल्या माझ्या हातातून घेतो आणि थेंब स्वतः टाकतो. नात बरी आहे. काही घरी चहापुरती एक कळशी अजून विहिरीवरूनच येते. उकळूनच पितात, म्हणून मी काही बोलत नाही.