बहुतेक म्हणणारे साहेब

आमच्या ऑफिसातले भूजलाचे, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचा अंदाज देणारे साहेब. त्यांना काहीही विचारा, उत्तर ‘बहुतेक’नं सुरू व्हायचं. क्रांती चौकातल्या टपरीवाल्यानं चहा गोड झालाय का विचारलं, तरी घोट घेऊन म्हणायचे, “बहुतेक. तळाला साखर असंल, ढवळून सांगतो.” टपरीवाला हसायचा. मला मात्र या माणसाचा भरवसा वाटायचा.

बैठकीत याच सवयीची अडचण व्हायची. बिडकीनकडच्या गावांसाठी बोअरची योजना आली, तेव्हा मोठ्या साहेबांनी विचारलं, “पाणी टिकेल का? हो की नाही, एवढंच सांगा.”

“एक उन्हाळा विहिरींचं पाणी मोजू द्या, मग सांगतो.”

मोठे साहेब पुढच्या विषयाकडं वळले. योजना मंजूर झाली आणि भूजलाच्या साहेबांना बैठकीला बोलावणं बंद झालं.

यंदा शेंद्र्याकडच्या गावांसाठी तशीच योजना आली. आता प्रस्तावाला भूजलाचं मत जोडावं लागतं, म्हणून यांना बोलावलं. प्रश्न तोच होता.

“टिकेल,” हे म्हणाले.

मोठ्या साहेबांनी त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवून घेतलं. बैठकीचं इतिवृत्त मी लिहितो. ‘पाणी टिकेल’ असं लिहिलं.

संध्याकाळी टपरीवर मी विचारलं, “साहेब, तिथल्या विहिरी मोजल्या का?”

“नाय. मोजतो म्हटलं की परत कुणी बोलवत नाय.”

चहा आला. टपरीवाल्यानं सवयीनं विचारलं, “साहेब, गोड झालाय का?”

ग्लास अजून ओठाला लागला नव्हता.

“झालाय,” ते म्हणाले.